जुन्या बाजारातला केग
रविवारचा जुना बाजार, मंगळवार पेठ. घरच्या आल्याच्या बिअरसाठी १९ लिटरचा जुना कॉर्नेलियस केग (गॅसचा दाब सहन करणारी स्टीलची उभी टाकी) घेतला! हे केग मुळात सोडा सिरपचे. विकणारे काका म्हणाले, "बघून घ्या, घाई नाही." बरं वाटलं.

आधी सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून प्रेशर सोडलं, मगच झाकण. आत टॉर्च मारली: खड्डे नाहीत, वेल्डिंग स्वच्छ. अंगावरचा पोचा चालतो, पण झाकणाच्या तोंडाशी पोचा असेल तर केग सोडून द्यावा, तिथूनच गॅस गळतो. सिरपचा वास रबरी रिंगांत मुरतो, त्या सगळ्या बदलणार. ब्लीच मात्र अजिबात नको, क्लोरीन स्टेनलेस स्टील खातं. उद्या गॅस भरून गळती बघायला सांध्यांवर साबणाचं पाणी. कोणाकडे बॉल लॉकचं (केगला नळी जोडायचं) जादा कनेक्टर आहे का?