सिंहासन, लाकडी, नग १

विद्यापीठात विभाग कोणी बंद करत नाही. बंद करायचा म्हटलं की विषय विद्यापरिषदेत जातो, व्यवस्थापन परिषदेत जातो, अधिसभेत कुणीतरी उठून तावातावाने बोलतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. त्यापेक्षा ‘यंदा प्रवेश स्थगित’ एवढं एक परिपत्रक पुरतं. यंदा पहिलं वर्ष नाही, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं नाही. वर्ग नाही म्हणून कार्यभार नाही आणि कार्यभार नाही म्हणून तासिका तत्त्वावरचे शिक्षक नाहीत. मग कुलूप घालायला ठरावसुद्धा लागत नाही.

आमच्या नाट्यशास्त्र विभागात गेल्या महिन्यात आढावा समिती आली, तेव्हा ती कशाची पहिली पायरी आहे हे सगळ्यांना कळत होतं. मी इथे प्रकाशयोजना आणि रंगमंच व्यवस्था शिकवते, अर्थात तासावर. समितीत तिघे होते: वाणिज्यचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, वित्त विभागाचे एक अधिकारी आणि अभियांत्रिकीचे एक सर. नाटकातलं कुणी नव्हतं. त्यात कट वगैरे काही नाही, त्या तारखेला जे मोकळे होते ते आले. सोबत शैक्षणिक विभागाचे भाऊसाहेब होते आणि त्यांच्या काखेत आमची जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे विभागातल्या सामानाची वही. आमचे विभागप्रमुख प्रभारी आहेत, मूळचे भाषेचे. सज्जन माणूस. संहिता सुंदर शिकवतात, पण डिमर (दिव्याचं तेज कमी-जास्त करणारं यंत्र) हा शब्द निघाला की माझ्याकडे बघतात.

पहिला तास कार्यभारातच गेला. एक श्रेयांक म्हणजे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक, असं गणित आहे. आता नाटकात प्रात्यक्षिक नाही असं काय असतं? आवाज, हालचाल, रंगभूषा, नेपथ्य, प्रकाश सगळं हातापायानेच शिकवायचं. म्हणजे दिवसभर उभं राहून शिकवलं तरी कागदावर अर्धाच दिवस उमटतो. नाट्यनिर्मितीला ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास. दोन महिने रोज संध्याकाळी सहा ते रात्री दहा तालीम चालते, गुणाकार ज्याचा त्याने करावा. मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी का, हे समितीने विचारलं नाही. शिक्षक नसताना तास कमी का भरले, हे मात्र विचारलं.

प्रवेशाचंही तेच. जागा २०, यंदा आले ९. जाहिरात निघेपर्यंत बाकीच्या विभागांचे वर्ग सुरू झाले होते, हे विभागप्रमुखांनी हळू आवाजात सांगितलं. भाऊसाहेबांनी ते टिपून घेतलं नाही.

मग नोकऱ्यांचा तक्ता निघाला. त्यात नेमणूकपत्र आणि पगाराची पावती जोडावी लागते. आमच्या मुलांना मालिकेत काम मिळालं तर पैसे ९० दिवसांनी येतात, तेही आले तर. पावती कुठली जोडणार? आमचा एक मुलगा झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला आहे. दिवाळी ते होळी तो तिकडच्या मंडळींबरोबर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया असा रात्र रात्र नाटक करत फिरतो. तिकीट काढून आलेलं गाव समोर बसलेलं असतं. पहाटे पडदा पडला की सामान गाडीत आणि गाडी पुढच्या गावाला. गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांची रांगच आहे, सगळा हंगाम तिथे ठरतो. हा मुलगा चार-पाच महिने कमावतो आणि घर चालवतो. विद्यापीठाच्या लेखी त्याची हजेरी ७५ टक्क्यांखाली आहे आणि रोजगार शून्य. मी हे सांगितलं तेव्हा वित्तवाले सर म्हणाले, “मॅडम, ते ठीक आहे, पण रकान्यात काय लिहायचं?”

वाणिज्यच्या सरांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं की असे विभाग दुसरीकडे आहेत का. औरंगाबादला १९७३ पासून आहे, पुण्याचं ललित कला केंद्र १९८७ चं आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी २००३ ची, असं मी सांगितलं. पुण्याचं नाव निघताच वित्तवाल्या सरांनी विचारलं, “आज जे दाखवणार आहात त्यात वादग्रस्त काही नाही ना?” २०२४ च्या फेब्रुवारीत त्या केंद्रातल्या विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडला गेला आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांनाच अटक झाली. तेव्हापासून आमच्या मुलांची प्रत्येक संहिता आधी प्रशासनाकडे जाते आणि टाचणीसकट न वाचता परत येते.

दुपारी वस्तूंची पडताळणी झाली. नोंदवहीत होतं: ‘सिंहासन, लाकडी, नक्षीदार, नग १’. भाऊसाहेबांनी विचारलं, “सिंहासन कुठंय?”

सिंहासन होतं, पण एका जागी नव्हतं. प्लायवूडचा भाव बघता आमच्याकडे लाकूड टाकून देत नाहीत. पाठ कापून एका नाटकात खिडकीची चौकट केली होती, ती सध्या देवळाचा दरवाजा आहे. हात बाकाला लावलेत. बैठकीच्या फळ्या एका लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्याच्या, पोटात आहेत आणि त्या लेव्हलवर उभं राहून पोरं रोज तालीम करतात. मुलांनी एकेक तुकडा आणून समितीपुढे मांडला. कुठला तुकडा कुठल्या नाटकात काय झाला हे ती सांगत होती, तेही मोठ्या हौसेने. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण थांबतील तर शपथ. भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, “मॅडम, मग नग चार लिहू?” वित्तवाल्या सरांच्या मते हा मालमत्तेत विनापरवानगी केलेला फेरबदल होता. आधी निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवायला हवा होता म्हणे. गेल्या वेळी तुटक्या शिडीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवला होता. शिडी अजून वहीत उभी आहे.

अभियांत्रिकीचे सर तोवर लाइटच्या बारखाली जाऊन उभे होते. हजार वॉटचे पारकॅन (डब्यासारखे हॅलोजन दिवे) बघून म्हणाले, एलईडी का घेत नाही? विजेचा हिशोब मी तोंडावर दिला: वीसही पारकॅन दोन तास पूर्ण तेजावर ठेवले तरी ४० युनिट, आणि पूर्ण तेजावर कुणी ठेवत नाही. पण खरं उत्तर दाखवण्यासारखं होतं. एक हॅलोजन आणि शेजारी आमच्याकडचा एकुलता एक स्वस्त एलईडी लावला आणि दोन्हींचा उजेड तीस सेकंदांत हळूहळू उतरवला. हॅलोजनची तार थंड होत जाते तसा उजेड पिवळा, मग तांबूस होतो, चुलीतला निखारा विझत जावा तसा. एलईडीचा रंग हलला नाही. शेवटच्या टप्प्यात त्याने दोन पायऱ्या टाकल्या आणि गपकन गेला. “पुन्हा दाखवा,” सर म्हणाले. मी तीनदा दाखवलं. महागड्या एलईडीत हा दोष जवळजवळ राहत नाही, हेही सांगितलं, पण ते आमच्या बजेटात बसत नाहीत. सर सुट्टा हॅलोजन बल्ब उचलायला गेले, तर दुसऱ्या वर्षाच्या मुलीने त्यांचा हात धरला. “सर, उघड्या बोटांनी नको. बोटाचं तेल लागलं की काच तिथे जास्त तापते आणि फुटते.” त्या दिवशी विभागात जे शिकवलं जातं ते समितीच्या हाताला प्रत्यक्ष लागलं, ते एवढंच.

संध्याकाळी मुलांनी वीस मिनिटांचा तुकडा करून दाखवला. सहा खोके, दोन चादरी, तो देवळाचा दरवाजा आणि मोजके लाइट. लाइट बदलण्याचा एकही क्यू, म्हणजे इशारा, चुकला नाही. वाणिज्यच्या सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. खोटं नव्हतं ते, मी कंट्रोलपाशी होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत होता. जाताना मुलांना म्हणाले, “इतक्या कमी साधनांत एवढं! कमाल आहे.”

अहवालात हेच वाक्य आलं. ‘विभाग अत्यल्प साधनांत उल्लेखनीय काम करीत असल्याने स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रमाऐवजी अल्पमुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेसा ठरेल.’ खाली तिघांच्या सह्या, अभियांत्रिकीच्या सरांचीसुद्धा. मला त्या सहीचा राग येत नाही, चष्मा काढणाऱ्याच्या सहीचाही नाही. पण डोक्यातून जात नाही. आम्ही वर्षानुवर्षं पदराला खार लावून, जुनं लाकूड वापरून, फुकट तालमी घेऊन जे निभावलं, तोच आमच्याविरुद्धचा पुरावा झाला. प्रयोग पडला असता तर ‘दर्जा नाही’ असा शेरा आला असता, तेव्हा तिकडूनही सुटका नव्हती. विभागप्रमुख म्हणतात, निदान कौतुक तरी झालं.

प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम लिहायला मलाच सांगितलंय. अभिनय, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा मिळून ९० तास. मानधनाचा उल्लेख पत्रात नाही. दोन वर्षांत जे पुरत नाही त्यातलं काय वगळायचं, याची यादी मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा तालीमच वगळावी लागली. नाही म्हटलं तर एखाद्या इव्हेंटवाल्याकडून लिहून घेतील. मसुदा सोमवारपर्यंत द्यायचा आहे, आणि त्याच पाकिटात सिंहासनाबद्दलचा खुलासाही मागवलाय. खुलासा लिहून झालाय.