चॅसी परत आली, आवाजही आला, पण डावा व्हॉल्व्ह लाल झाला

माझा गिटारचा अँप फेंडर ब्लूज ज्युनिअर. १५ वॅटचा, एकच १२ इंची स्पीकर, आवाज वाढवणारे व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, पाच: पॉवरला दोन ईएल८४ आणि त्याआधी तीन १२एएक्स७. वजन १४ किलोच्या आसपास. गेली अकरा वर्षं मी तो टॅक्सीच्या डिकीतून, नाट्यगृहांच्या मागच्या जिन्यांवरून आणि गणपतीत मंडपाच्या फळ्यांवरून वाहून नेते आहे. ऑर्केस्ट्रात जुनी मराठी गाणी वाजवताना गिटारला जो स्वच्छ, किंचित गोड आवाज लागतो, तो मला याच्यातच मिळतो.

एक गोष्ट मात्र कायम खटकायची. आम्ही गिरगावात चाळीत राहतो. खोली दहा बाय बाराची, भिंतीपलीकडे दोन्ही बाजूंना बिऱ्हाडं. रियाजाला अँपचा व्हॉल्यूम दीडच्या वर नेता येत नाही, आणि दीडवर त्याचा आवाज डब्यात बोलल्यासारखा यायचा. खालचे स्वर पोकळ, वरचे टोचणारे. याच्यावर उपाय असतो हे मला माहीत होतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा, मोठ्या गाभ्याचा घातला की खर्ज भरतो, टोनच्या भागातले काही कपॅसिटर बदलले की मधला पट्टा सुटा होतो. मुंबईत मी तीन ठिकाणी विचारलं. पीए सिस्टिमचे अँप दुरुस्त करणारे खूप आहेत, पण व्हॉल्व्हचं नाव काढलं की समोरचा माणूस मान हलवायचा. मग दोन गिटारिस्ट मित्रांनी दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाचं नाव सुचवलं. तो फक्त चॅसी, म्हणजे सगळी सर्किटं बसवलेला आतला धातूचा सांगाडा, मागवतो, काम करतो आणि कुरिअरने परत पाठवतो. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, चॅसी गेली. व्हॉल्व्ह काढून मोज्यांत गुंडाळले, चॅसीभोवती जुनी चादर आणि थर्माकोल, त्यावर दुहेरी खोका. पैसे आधीच भरले होते. २४ दिवसांनी खोका परत आला. मी त्याच संध्याकाळी चॅसी पेटीत बसवली, स्क्रू आवळले, व्हॉल्व्ह लावले आणि चालू केला. घुंऽऽ असा मोठा आवाज, आणि रिव्हर्बचा, म्हणजे स्प्रिंगांच्या टाकीतून येणाऱ्या घुमाऱ्याचा, पत्ता नाही.

तेव्हाच त्याला फोन लावला. थोड्या चढ्या आवाजात बोलले, हे मान्य करते. त्याने शांतपणे विचारलं, मॅडम, रिव्हर्बच्या टाकीच्या दोन पिना उलट्या तर नाही लावल्या? मी पाहिलं. उलट्याच होत्या. जाणारी वायर येणाऱ्याच्या जागी, येणारी जाणाऱ्याच्या. बदलल्या आणि घुंघुं बंद.

आणि मग आवाज आला. तो आवाज मी विसरणार नाही. दीडवर, चाळीच्या खोलीत, आई पलंगावर आडवी पडलेली असताना, खालचा मि, गिटारचा सगळ्यात खालचा स्वर, भरून आला, गोल, श्वास घेणारा. आई उठून बसली आणि म्हणाली, "हे काहीतरी वेगळंच वाजतंय गं." ज्या माणसाने ते काम केलं त्याचा कान चांगला आहे, यात शंका नाही. पुढची सगळी तक्रार वाचताना हे लक्षात ठेवा.

वीस मिनिटांनी आवाज बसायला लागला. आधी घुंघुं हळूच वर आली, मग जोर निम्मा झाला, आणि स्वर चुरगळल्यासारखे यायला लागले. बंद करून अर्ध्या तासाने लावला, पुन्हा वीस मिनिटं छान, पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री मी ट्यूबलाइट बंद करून अँपच्या मागे बसले. व्हॉल्व्हच्या आत फिलामेंटचा नारिंगी ठिपका दिसतो, तो नेहमीचाच. पण डाव्या ईएल८४ मधली राखाडी धातूची प्लेट, जी कधीच उजळायला नको, ती मधोमध लाल होत चालली होती, शेगडीतला कोळसा फुंकर मारल्यावर होतो तशी. उजवी तशीच काळपट. मी धावत जाऊन प्लग ओढला.

परत फोन. आता गंमत अशी की पहिला फोन माझ्याच चुकीचा निघाला होता, त्यामुळे दुसऱ्या वेळी त्याचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. "इथे दोन तास चालवून बघितलाय, बरोबर होता. तुमचा व्हॉल्व्ह गेला असेल, नवी जोडी घाला." मी नवी जोडी घेतली, चार हजार रुपयांची. बावीस मिनिटांनी नवा डावा लाल. जुनी जोडी परत घातली आणि या वेळी डावा-उजवा अदलाबदल केली. जो आधी उजवीकडे नीट चालत होता तोच आता डावीकडे लाल झाला. म्हणजे दोष व्हॉल्व्हमध्ये नाही, त्या खोबणीकडे जे जातंय त्यात आहे. एवढं मला कळत होतं. फोनवर हे सांगितलं तर उत्तर आलं, "मग चॅसी परत पाठवा, बघतो. कुरिअर तुमचं." पावसाळा सुरू झालेला, जायला-यायला दोन हजार, आणि गणपतीचे कार्यक्रम दीड महिन्यावर. सगळ्यात जास्त त्रास याचा झाला की जो आवाज मला हवा होता तो त्या पेटीत होता आणि मला तो रोज वीस मिनिटंच मिळत होता.

तोडगा आईने काढला. बाबांचा मर्फी रेडिओ लॅमिंग्टन रोडवर एका काकांकडे जायचा. ते अजून बसतात, आठवड्यातून तीन दिवस, असं तिला देवळात कोणीतरी सांगितलं होतं. आमच्या घरापासून ते चालत पंधरा मिनिटांवर. भर पावसात चॅसी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून टॅक्सीने नेली. पहिल्या मजल्यावर पोटमाळ्यासारखी जागा, खिडकीखाली टेबल, टेबलावर गोल काट्याचा जुना मीटर.

काकांनी गिटारचा अँप आयुष्यात उघडला नव्हता. त्यांनी चष्मा वर करून व्हॉल्व्हवरचे आकडे वाचले आणि चेहरा खुलला. "ईएल८४! अगं हा तर रेडिओग्रामचा व्हॉल्व्ह. किती बदलले असतील मी." खरंच आहे ते. फिलिप्सने पन्नाशीच्या दशकात हा व्हॉल्व्ह आणला तो रेडिओ आणि रेडिओग्रामसाठी, गिटारवाल्यांनी तो नंतर उचलला. व्हॉक्सच्या एसी३० मध्ये असे चार असतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी कपाटातून एक पिवळट खोकं काढलं. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, आपल्याकडे बनलेला ईएल८४. "तपासायला हा घालू. तुझे आणखी नको जाळायला."

काम सुरू करण्याआधी त्यांनी मला स्टुलावर मागे बसवलं. प्लग काढलेला असला तरी आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. एका वायरीला जोडलेला मोठा रेझिस्टर त्यांनी तिथे टेकवला, मीटर शून्यावर आलेला मला दाखवला, आणि मगच बोटं आत घातली. पुढे चालू अवस्थेत मोजताना त्यांचा डावा हात कायम खिशात होता. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो, म्हणाले. हे वाचून कोणी घरी प्रयोग करणार असेल तर कृपया करू नका.

मग त्यांनी कुल्फीची काडी घेतली. बांबूची, धुऊन वाळवलेली, खास याच कामासाठी ठेवलेली. अँप चालू, मीटरची एक टोकणी डाव्या खोबणीच्या ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीच्या पिनेवर. काटा उणे नऊ व्होल्टवर स्थिर. काडीने ते एकेक वायर, एकेक भाग हळूच दाबत गेले. या अँपमध्ये मुख्य बोर्ड आणि व्हॉल्व्हच्या खोबण्यांचा छोटा बोर्ड यांना जोडणाऱ्या सपाट वायरींच्या पट्ट्या असतात. एका पट्टीच्या मुळाशी काडी टेकली आणि काटा शून्यावर पडला. काडी उचलली, परत उणे नऊ. पुन्हा टेकली, शून्य. काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या.

त्या पट्टीतली एक तार बोर्डात शिरते तिथेच तुटली होती. तुटलेली टोकं एकमेकांना टेकून होती म्हणून थंड असताना चालायचं. तापलं की फाकायची. ग्रिडला मिळणारे उणे व्होल्ट हा व्हॉल्व्हचा लगाम असतो. तो सुटला की व्हॉल्व्ह मिळेल तेवढा करंट ओढतो आणि प्लेट लाल होते. दोन व्हॉल्व्हमधला तोल गेला की घुंघुंही येते आणि जोरही जातो. माझ्या तिन्ही तक्रारींचं मूळ तांब्याची एक केसाएवढी तार होती. बोर्डाखालचे भाग बदलायला तो बोर्ड उचलून पुन्हा खाली बसवावा लागतो, आणि दर वेळी पट्टी वाकते. दोन-तीनदा वाकवली की मुळाशी तडा जातो, राहिलेलं काम कुरिअरचे धक्के करतात. त्याच्या टेबलावर अँप दोन तास नीट चालला असेल, यावर आता माझा विश्वास आहे. पण मी सांगत असताना त्याने दोन मिनिटं ऐकून घेतलं असतं, अदलाबदल केल्यावर लाली त्याच खोबणीत राहिली या एका वाक्यावर विचार केला असता, तर माझे चार हजार आणि तीन व्हॉल्व्हचं आयुष्य वाचलं असतं. चॅसी त्याच्याकडे नव्हती, माझे कान त्याच्याकडे नव्हते. त्याच्याकडे माझं बोलणं तेवढं होतं, आणि तेच त्याने बाजूला ठेवलं. याचा राग मला अजून आहे.

काकांनी त्या पट्ट्या काढून प्रत्येक तारेच्या जागी वेगळी, थोडी सैल वायर सोल्डर केली. दुपारचे साडेतीन वाजले. खालून चहा आला.

नंतर आणखी एक गोष्ट निघाली. मॉड, म्हणजे हे सगळे बदल, करताना बायस, म्हणजे ग्रिडचा तो उणे व्होल्टचा लगाम, कमी-जास्त करायला एक प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर, बसवला होता. या अँपमध्ये मूळचा तो नसतो, आणि तो बसवणं ही चांगलीच सुधारणा. पण काकांनी दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडला, म्हणजे ज्या टोकातून व्हॉल्व्हचा सगळा करंट जातो तिथे, एकेक ओहमचा रेझिस्टर लावला, म्हणजे मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर, आणि चांगल्या, उजव्या बाजूचा आकडा आला ४१. प्लेटवर ३३५ व्होल्ट. गुणाकार केला तर पावणेचौदा वॅट. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा १२. म्हणजे जो उजवा मला निर्दोष वाटत होता तोसुद्धा ताकदीबाहेर राबत होता. मी विचारलं, वाटेत प्रीसेट हलला असेल का? काका म्हणाले, "हलला की सेटच केला नव्हता, हे कागद असल्याशिवाय कोण सांगणार, बाळा? त्याने किती ठेवून पाठवला होता ते लिहून दिलंय का?"

नव्हतं दिलं. मीही मागितलं नव्हतं. मी फोटो मागितले नव्हते, आकडे मागितले नव्हते, काढलेले जुने भागही परत मागितले नव्हते. मूळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आता कुठे आहे मला माहीत नाही.

प्रीसेट फिरवून, माझ्या चार व्हॉल्व्हपैकी दोन निवडून त्यांनी २६ आणि २७ वर आणले. प्लेट ३४५ व्होल्ट. साधारण नऊ वॅट. मग म्हणाले, "नेलपॉलिश आहे का पर्समध्ये?" होतं, मरून रंगाचं. ब्रशाच्या टोकाने त्यांनी प्रीसेटच्या खाचेवर एक थेंब सोडला आणि फुंकर मारून वाळवला. आता तो धक्क्याने फिरणार नाही. शेवटी एका पांढऱ्या कागदाच्या तुकड्यावर तारीख, व्होल्ट आणि दोन आकडे लिहून तो पेटीच्या आतल्या बाजूला डकवायला दिला. मजुरी सांगितली आठशे रुपये. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, "तुझ्या बाबांचा रेडिओ अजून चालतोय का ते सांग आधी." चालतो. त्यांना बरं वाटलं.

त्या कागदाचा, तुटलेल्या पट्टीचा आणि मीटरचा फोटो मी मॉड करणाऱ्याला पाठवला. वाईट शब्द एकही लिहिला नाही. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, की चूक त्याची आहे, व्हॉल्व्हच्या जोडीचे पैसे तो देतो, आणि इथून पुढे बोर्ड उचलला की पट्ट्या काढून वायरी घालूनच पाठवेल. पैसे आले. ट्रान्सफॉर्मरबद्दल विचारलं आहे, त्याचं उत्तर अजून यायचंय.

गणपतीतला पहिला कार्यक्रम दादरला शिवाजी मंदिरात होता. पहिल्या भागात अँप दीड तास सलग चालू. मध्यंतरात पडदा पडल्यावर सगळे चहाला गेले, मी विंगेतला दिवा बंद करायला सांगितला आणि अँपच्या मागे वाकून पाहिलं. दोन नारिंगी ठिपके, आणि दोन्ही प्लेटा राखाडी.