ॲबरडीनच्या कपाटातली आढी

स्कॉटलंडला आल्यावर पहिल्या वर्षी हापूसची पेटी मिळाली आणि मी ती तशीच फ्रिजमध्ये ठेवली. आंबे कडक होते, महाग होते, खराब होऊ नयेत एवढंच डोक्यात होतं. आठवड्याने काढले तर सालीवर करडे डाग, गर आंबट आणि वास अजिबात नाही. देवगडात वाढलेल्या माझ्या हातून आंबा फुकट जावा, हे फार लागलं.

यंदा मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा दहा वर्षांच्या लेकीला घेऊन याचा छडा लावायचा ठरवलं. एकाच कलमाचे, एकाच सकाळी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट उतरवलेले आंबे आईने निवडून दिले. १४ आणे, म्हणजे सोळा आण्यांतले चौदा, जवळजवळ पूर्ण तयार झालेलेच घ्या, असं तिने बजावलं. कोवळा आंबा कशातही ठेवला तरी सुरकुततो, गोडीला येत नाही. तीन आंबे माडीवर उघडे ठेवले, तीन आढीत, म्हणजे भाताच्या पेंढ्यात रचून, तीन कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत आणि तीन फ्रिजमध्ये. लेक म्हणाली, "पण आजी, पिशवीमुळे पिकले की केळ्यामुळे, कसं कळणार?" मग केळ्याशिवाय आणखी एक पिशवी भरली. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

चौथ्या दिवशी केळ्याच्या पिशवीतले आंबे पिवळे पडले. सहाव्या दिवशी आढीतले, त्यानंतर नुसत्या पिशवीतले. माडीवरचे सगळ्यांत शेवटी, तेही थोडे सुरकुतून. फ्रिजमधले तोवर हिरवेच होते.

पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं. तो लागला की शेजारचा आंबाही पिकू लागतो आणि स्वतः आणखी इथिलीन सोडतो. मग स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो, साल रंग धरते. सफरचंदही हेच करतं. पिकलेली सफरचंदं इथिलीन सोडतात हे १९३४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेनने दाखवून दिलं. द्राक्षं, संत्री मात्र तोडल्यावर अशी पिकत नाहीत, ती पिशवीत घालून उपयोग नाही. आणि कच्चा आंबा फार थंडीत ठेवला की ही पिकण्याची क्रियाच बिघडते. माझ्या पहिल्या पेटीचं तेच झालं होतं.

'एक नासका आंबा आढी नासवतो' हे मी लहानपणापासून माणसांबद्दल ऐकत आले. ते आधी आंब्यांबद्दल अक्षरशः खरं आहे, हे आता समजलं. कुजका आंबा बुरशी पसरवतो आणि इथिलीनही सोडतो. म्हणूनच आई रोज आढी चाळते. पेंढा ऊब धरतो, वायू कोंडतो, तरी हवा खेळती ठेवतो. आई एवढंच म्हणते, "आंब्याक उबारो होयो, वारो नको." कार्बाइडने पिकवण्यावर आपल्याकडे बंदी आहे ती योग्यच आहे, त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचा अंश असतो. पेंढा असताना त्या विषाची गरजच काय?

परतल्यावर इथल्या दुकानात पेटी मिळाली, आंबे दगडासारखे. पेंढा कुठून आणणार? खोक्यात वर्तमानपत्राचे तुकडे पसरले, मध्ये दोन पिकलेली केळी ठेवली आणि खोका बॉयलरच्या उबदार कपाटात सरकवला. लेक रोज शाळेतून आली की आधी कपाट उघडायची. पाचव्या दिवशी जिन्यापर्यंत वास आला. आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "रंग बघू नको. देठाकडे वास घेतलंस काय गो?"

लेकीने नाक देठाला लावलं आणि फोनकडे बघून मान डोलावली.