अथेन्समध्ये स्मशान कशाला बघायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अथेन्सला निघालेल्या कुणालाही मी केरामाइकोसचं नाव सुचवलं की प्रश्न येतोच, "दोन दिवस हातात, त्यात स्मशान कशाला?" यामागची अढी मला कळते. आपल्याकडे स्मशानात हौसेने कुणी पाऊल टाकत नाही. तरीही मी आग्रह सोडत नाही. अॅक्रोपोलिसच्या टेकडीवर जे आहे ते देवांचं आणि राज्याचं. आपल्या घरातलं माणूस गेल्यावर अथेन्सचे लोक काय बोलत, हे केरामाइकोसात वाचायला मिळतं.

ही जागा म्हणजे जुन्या अथेन्सचा कुंभारवाडा आणि त्याला लागून शहराच्या वेशीबाहेरची दफनभूमी. एरिडानोस नावाचा ओढा आजही तिच्यातून वाहतो. वेशीचे दोन दरवाजे इथेच होते, दिपिलॉन आणि पवित्र दरवाजा. पवित्र दरवाजातून एल्युसिस या तीर्थक्षेत्राच्या यात्रेची वाट निघे. दिपिलॉनमधून अकादमी नावाच्या उपवनाकडे जाणाऱ्या रस्त्याकडेला युद्धात पडलेल्यांना सरकारी इतमामाने पुरत. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या वर्षातल्या मृतांसाठी अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने भाषण केलं, ते याच दफनभूमीत. पुढच्याच वर्षी, इ.स.पू. 430 मध्ये, शहरात साथ आली. 1990च्या दशकात मेट्रोचं खोदकाम चालू असताना इथे एक सामूहिक कबर सापडली. दीडशेच्या आसपास माणसं, खालच्या थरात जरा नीट ठेवलेली, वर वर नुसती टाकलेली. ती त्या साथीतली असावीत असं मानतात. एवढ्या काळजीने मृतांना निरोप देणाऱ्या शहरावर तशी वेळ आली, हे मला फार लागतं.

आधी संग्रहालयात जा, मग बाहेर फिरा. बाहेरच्या कबरींवर बऱ्याच ठिकाणी प्रतिकृती आहेत. मुळातल्या शिळा आत आहेत. संग्रहालय लहान आहे, आणि मी तिथे सगळ्यात जास्त वेळ देते तो आम्फारेतेच्या शिळेला. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटाकडची ही शिळा. बसलेली एक बाई, एका हातात छोटा पक्षी, दुसऱ्या हातावर तान्हं मूल. आई-मूलच वाटतं. पण वरचा लेख सांगतो की ही आजी आहे: "माझ्या लेकीचं लाडकं मूल मी धरलं आहे. आम्ही दोघं जिवंत होतो, डोळ्यांनी सूर्याचा उजेड पाहत होतो, तेव्हा याला मांडीवर घेत असे. आता मी मेलेली, हेही मेलेलं, आणि मी याला धरून आहे." पुढे कसलीही प्रार्थना नाही, स्वर्गाचं आश्वासन नाही. ज्या लेकीची आई आणि मूल दोन्ही गेलं, तिचं तर शिळेवर नावही नाही. मला प्रत्येक वेळी तीच आठवत राहते.

दुसरी शिळा देक्सिलेओसची. घोड्यावरचा तरुण, टापांखाली पडलेला शत्रू. हा इ.स.पू. 394 मध्ये कोरिंथच्या लढाईत मारला गेला. लेखात त्याच्या मृत्यूच्या वर्षाबरोबर जन्माचंही वर्ष दिलं आहे, आणि अथेन्सच्या समाधिलेखांत ही फार दुर्मीळ गोष्ट. म्हणजे तो जेमतेम विशीतला. त्याच्या मृत्यूआधी दहा वर्षं, अथेन्सवरच्या तीस जुलमी सत्ताधीशांच्या राजवटीत घोडदळाने त्यांना साथ दिली होती, आणि लोक ते विसरले नव्हते. आमचा मुलगा तेव्हा लहान होता, त्याचा त्यात हात नव्हता, हे घरच्यांना सांगायचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. मला हे पटतं. शौर्याच्या त्या शिल्पाखाली आईबापांची धास्ती आहे.

शिशाची एक इवली पेटीही चुकवू नका. आत हात मागे बांधलेली बाहुली, आणि कोर्टातल्या प्रतिपक्षाची नावं कोरून घातलेला शाप. असे शाप कबरीत पुरत, म्हणजे मृतांकडून ते पाताळातल्या शक्तींपर्यंत पोचतील असा समज.

बाहेर पडलात की समाधींचा रस्ता लागतो. एका उंच चौथऱ्यावर दिओनिसिओसच्या समाधीचा संगमरवरी बैल दिसतो, तीही प्रतिकृतीच. गवतात कासवं फिरत असतात, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा वेळ छान जातो. मग कमरेएवढेही नसलेले साधे गोल खांब दिसू लागतील. इ.स.पू. 317च्या सुमारास अथेन्सची सत्ता फालेरॉनच्या देमेत्रिओसकडे आली. त्याने कबरींवरच्या थाटामाटावर कायद्याने बंदी घातली, आणि शिल्पं थांबली. उरलं ते खांबावर कोरलेलं नाव, बापाचं नाव, गाव. श्रीमंतांच्या उधळपट्टीला आळा घालणं मी समजू शकते. पण आम्फारेतेसारखी शिळा त्यानंतर अथेन्सात घडली नाही, याची हळहळ मला वाटते.

उन्हाळ्यात सकाळीच जा, सावली कमी आहे. दोन-तीन तास पुरतात. हेगेसोची प्रसिद्ध शिळा, दासीने समोर धरलेल्या पेटीतून दागिना उचलणारी बाई, इथे प्रतिकृतीतच दिसेल. मूळ शिळा अथेन्सच्याच राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दुसरा दिवस तिकडे द्या.