आधी पाय, मग लेन्स

"टेली लावली की मागचा डोंगर जवळ येतो" आणि "वाइडने नाक मोठं येतं" ही दोन वाक्यं फोटोग्राफी शिकताना पहिल्या आठवड्यातच कानावर पडतात. (टेली म्हणजे दृश्याचा अरुंद तुकडा घेणारी लेन्स, वाइड म्हणजे रुंद घेणारी.) दोन्हींत दोष लेन्सच्या माथी मारलेला आहे आणि पुढची सगळी गफलत तिथून सुरू होते. चित्रात कोणती वस्तू दुसरीच्या मानाने किती मोठी दिसेल, म्हणजेच पर्स्पेक्टिव्ह, हे कॅमेरा कुठे ठेवलाय एवढ्यावरच ठरतं. त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा किती तुकडा घ्यायचा, ते लेन्स ठरवते.

हे घरच्या घरी तपासता येतं. साधी १८–५५ किट लेन्स घ्या (कॅमेऱ्यासोबत येणारी झूम; आकडे मिमीतल्या फोकल लेंग्थचे, आकडा जितका मोठा तितकं दृश्य अरुंद), कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. समोर एक खुर्ची आणि तिच्यामागे १० मीटरवर स्कूटर. ट्रायपॉड न हलवता एक फोटो १८ला काढा, एक ५५ला. मग १८च्या फोटोतून मधला एक तृतीयांश भाग कापून ५५च्या फोटोशेजारी ठेवा. पिक्सेल कमी झालेले असतील (२४ मेगापिक्सेलचे अडीचच्या आसपास उरतात), मागची धूसरता वेगळी असेल, पण खुर्ची आणि स्कूटरची मापं तंतोतंत जुळतील. जागा तीच, म्हणून पर्स्पेक्टिव्ह तेच.

आता दुसरी फेरी. १८ला खुर्चीपासून १ मीटरवर उभे राहा, ५५ला ३ मीटरवर जा. खुर्ची दोन्ही फोटोंत जवळपास सारखीच येईल, पण स्कूटर दुसऱ्या फोटोत अडीच पट मोठी दिसेल. कारण पहिल्या जागेवरून स्कूटर खुर्चीच्या ११ पट लांब होती (११ मीटर आणि १ मीटर), दुसऱ्या जागेवरून ती फक्त सव्वाचार पट लांब आहे (१३ आणि ३). हे गुणोत्तर बदललं ते तुमच्या पायांनी. ५५ मिमीने फक्त खुर्ची पुन्हा चौकटभर आणली.

हाच हिशेब चेहऱ्याला लावा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंमी अंतर धरू. सेल्फीत फोन ३० सेंमीवर असेल तर कान ४२ सेंमीवर पडतात, म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठं. ६० सेंमीवर तेच २० टक्के, दीड मीटरवर ८, तीन मीटरवर ४. जवळून काढताना कान गालांमागे दडतात आणि चेहरा अरुंद, पुढे ओढल्यासारखा होतो. फार लांब गेलं की उलट घडतं: चेहरा सपाट, थोडा रुंद वाटतो. बहुतेक चेहऱ्यांना दीड ते अडीच मीटर मानवतं. म्हणून पोर्ट्रेटसाठी ८५ मिमी सुचवतात. फुल फ्रेमवर (३६×२४ मिमीचा सेन्सर; पुढचे मिमीचे आकडेही त्याचेच) २ मीटरवरून ८५ उभी धरली की सुमारे ८५ सेंमी उंचीचा भाग येतो, डोक्यापासून कमरेपर्यंत. त्याहून लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर ५० मिमी जवळपास तेच काम करते. पण तीच ८५ घेऊन कुणी चौकटीत फक्त चेहरा भरायला ८० सेंमीवर गेलं, तर "पोर्ट्रेट लेन्स" असूनही नाक फुगणारच.

फोनवाल्यांसाठी एवढंच: मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीच्या तोडीचा, म्हणजे वाइडच असतो, त्यामुळे चेहरा मोठा हवा म्हणून हात आपोआप पुढे जातो. त्याऐवजी दोन पावलं मागे जा आणि २एक्स किंवा ३एक्स दाबा. पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतो, नाक लहान करत नाही. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो घरी काढताना ही चूक फार होते. स्वतः हात लांब करून काढू नका, दुसऱ्या कुणाला तरी दीड मीटरवर उभं करा.

आपल्याकडे हा प्रश्न खरा अवघड होतो गणपतीत. १८ फुटी मूर्ती घ्या, म्हणजे साडेपाच मीटर. खाली मीटरभराचा चौथरा, कॅमेरा दीड मीटर उंचीवर. बॅरिकेडला चिकटून २ मीटरवर उभे राहिलात तर मुकुट ते पावलं मावायला २० मिमी उभी धरावी लागते आणि ती सुमारे २७ अंश वर उचलावी लागते. या चौकटीत पावलं मुकुटाच्या मानाने २.६ पट मोठ्या मापाने येतात. मुख ६३ अंशांवर, म्हणजे डोक्यावरच. सोंडेची खालची बाजू दिसते, पोट पुढे येतं, डोळे भक्ताकडे बघतच नाहीत. मूर्तिकाराने महिनोन्‌महिने घडवलेलं प्रमाण एका क्लिकमध्ये मोडतं, आणि मला ते मनापासून टोचतं.

५ मीटरवर गेलात की ३५ मिमी पुरते आणि पावलं-मुकुटातला फरक १.४ पटीवर येतो. १० मीटरवर ६० मिमी लागते, फरक फक्त १२ टक्के. तिथे मीटरभर उंच स्टुलावर चढता आलं तर तोही ६–७ टक्क्यांवर उतरतो, कारण कॅमेरा वर उचलण्याचा कोन जवळपास निम्मा होतो. मूर्तीच्या मधल्या उंचीची एखादी गॅलरी मिळाली तर कॅमेरा सरळ समोर धरता येतो आणि खांब उभे ते उभेच राहतात. मुंबईच्या मोठ्या मंडळांत चरणस्पर्शाची आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते. कॅमेऱ्यासाठी मुखदर्शनाची, लांबची रांगच बरी. गर्दीत ट्रायपॉड नको, तो लोकांच्या पायात येतो. उंच हात करून पडद्यावर बघत काढलेला फोटोही २०–३० सेंमीचा फायदा देतो.

"नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करू" असं म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. उभ्या रेषा सरळ करणाऱ्या स्लायडरने खांब समांतर होतात, वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापल्या जातात. पण फोटो सोंडेखालून काढला असेल तर सोंडेखालचंच दिसणार. जी बाजू कॅमेऱ्याला दिसलीच नाही, ती कोणताही स्लायडर आणून देत नाही. तरीही सरळ करायचंच असेल तर काढतानाच चारही बाजूंना सैल जागा ठेवा.

मिरवणुकीत मात्र अंतर दोन्ही बाजूंनी वापरता येतं. ढोल-ताशा पथकाच्या रांगांत २ मीटरचं अंतर धरलं, तर पहिल्या रांगेपासून ३ मीटरवर उभं राहिल्यास पाचवी रांग ११ मीटरवर असते आणि तिथले वादक पुढच्यांच्या पाव भागाहून थोडेच मोठे दिसतात. ३० मीटर लांब जाऊन २०० मिमी लावली की पाचवी रांग ३८ मीटरवर पडते. फरक फक्त सव्वा पटीचा, चौकटीची रुंदी साडेपाच मीटर, पथक भिंतीसारखं घट्ट. जमिनीवरून पुढचे चेहरे मागच्यांना झाकतात, म्हणून पहिल्या मजल्याची गॅलरी हवी. एकाच वादकाचा जोर दाखवायचा असेल तर उलट करा: २४ मिमी, मीटरभर अंतर. ढोल अंगावर येतो, बाकीचं पथक मागे विरघळतं.

बातमीच्या फोटोत याच कारणाने जबाबदारी येते. एप्रिल २०२०मध्ये डेन्मार्कच्या रित्झाऊ स्कानपिक्स या छायाचित्रसंस्थेने तीच माणसं दोन प्रकारे टिपून दाखवली. लांबून टेलीने काढलं की खेटून उभी वाटणारी माणसं वाइडच्या फोटोत सुटी सुटी दिसत होती. दोन्ही फोटो अस्सल होते. गर्दी किती होती हे सांगायला मात्र बाजूने किंवा वरून घेतलेला तिसरा फोटो जोडायला हवा.

शेवटी लग्नातला ग्रुप फोटो, कारण त्यात वेगळीच भानगड आहे. ६ मीटर लांबीची रांग २४ मिमीत मावायला ४ मीटर पुरतात, ३५ला ५.८, ५०ला ८.३. हॉलमध्ये मागे जागा नसते म्हणून २४ निघते आणि टोकाचे काका-मावश्या जाड होऊन घरी जातात. हा लेन्सचा दोष नाही. सपाट सेन्सरवर तिरकस पडणारी प्रतिमा बाहेरच्या दिशेला ताणली जाते. २४ला टोकाचं डोकं २५ टक्के रुंद होतं, ३५ला १२, ५०ला ६. चौकटीच्या कडा वाकवणारा बॅरल डिस्टॉर्शन वेगळा, तो सॉफ्टवेअरमधल्या लेन्स प्रोफाइलने (त्या लेन्ससाठीच्या तयार दुरुस्तीने) जातो. हा ताण प्रोफाइलने जात नाही.

तेव्हा एक रांग मोडून दोन करा, म्हणजे रुंदी निम्मी होते आणि जवळपास त्याच जागेवरून ५० मिमी चालते. मागची रांग पुढच्यांना चिकटवून उभी करा. ४ मीटरवरून ८० सेंमीचं अंतरही मागच्यांना २० टक्के मागे टाकतं. आणि सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर यावेत म्हणून वाइडसमोर रांगेला कंस देऊ नका. टोकं पुढे आली की ती आणखी मोठी होतात. २४ला पूर्ण कंस केला तर ताणाच्या वर आणखी २५ टक्के. रांग सरळ, सेन्सरला समांतर ठेवा, फोकसही त्याच प्रतलात राहतो.