नॅस (घरातल्या सगळ्यांच्या फाईली नेटवर्कवरून एका जागी ठेवायचा डबा): विकत घ्यायचा की घरीच जुळवायचा?
आज दिवसभर दाजी अन् मी ह्याच्यावरच वाद घालायलोय. त्यांचं म्हणणं, लातूरच्या घरी जुना डेस्कटॉप पडूनच आहे, ४ टीबीच्या दोन डिस्क टाकू, ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मग सायनॉलॉजी कंपनीचा तयार डबा कामून घ्यायचा? ऐकायला लई भारी, पण तो डेस्कटॉप रिकामा बसला तरी ५० वॅट खातो धरा, चोवीस तास चालू म्हणजे महिन्याला ३६ युनिट झाले की, तयार डबा त्याच्या निम्म्याहून कमीत भागतो, अन् आपल्याकडं लाईटचा काय नेम, इन्व्हर्टरवर कोण जास्त टिकणार सांगायलाच नको.

दाजी म्हणले, मिरर केलं, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच ठेवलं, की बॅकअप कशाला? इथं मी ऐकलंच नाही. मिररमधी एकीकडं डिलीट झालं की दुसरीकडूनबी गेलंच, ती सोय फक्त डिस्क मेली तर. (८ टीबी घेऊन ४ च वापरायला मिळते हे ऐकून ताई म्हणली, मग फोटोच कमी काढा.)

शेवटी डबाच ठरला. डिस्क मात्र सीएमआरच (डेटाचे पट्टे वेगवेगळे लिहिणारी) बघून घेणार, एसएमआरवाली (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) रीबिल्डला, म्हणजे मेलेली डिस्क बदलून डेटा परत भरताना, रडवती. डेस्कटॉप बॅकअपला, आठवड्यातून एकदाच चालू करायचा, एवढ्यावर दाजी राजी!