१८५८ सालची मंडळी आणि जन्मसाल पक्कं करण्याची रीत

धोंडो केशव कर्वे जन्मले १८ एप्रिल १८५८ला, खेड तालुक्यातल्या शेरवलीला. पाचच दिवसांनी, २३ एप्रिलला, पंडिता रमाबाई. आणि त्याच २३ एप्रिलला तिकडे जर्मनीत, कील नावाच्या बंदरात, माक्स प्लांक. त्याच साली नोव्हेंबरात बिपिनचंद्र पाल आणि जगदीशचंद्र बोस.

वाचनालयाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर 'एका सालची माणसं' असा तक्ता लावायचा असेल, तर कोकणातल्या गावाने १८५८पासून सुरुवात करावी. एक तर माणूस आपला. दुसरं म्हणजे यातल्या दोघांचा एकमेकांशी खरा संबंध आला. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला हललं. देवरुखच्या जोशांची विधवा मुलगी गोदूबाई तिथे शिकत होती. १८९३ साली कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. प्लांकचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, पण तक्त्यात तो हवाच. ज्या वयात कर्वे हिंगण्याला विधवांचा आश्रम उभा करत होते, त्याच वयात हा गृहस्थ पुंजवादाचं (क्वांटम सिद्धांताचं) पहिलं सूत्र मांडत होता. कर्व्यांना भारतरत्न मिळालं तेही १९५८ साली, शंभरीत. नुसती नावं आणि तारखा लिहिल्या तर कोणी थांबून वाचत नाही. असा एखादा धागा दिला की वाचतात.

एका तक्त्यात आठ नावं पुरे. दोन आपल्या किनारपट्टीची, तीन बाकीच्या महाराष्ट्रातली आणि देशातली, तीन जगातली. बारा-पंधरा झाली की अक्षर बारीक होतं आणि तक्ता टेलिफोन डिरेक्टरीसारखा दिसायला लागतो.

आता खरी मेहनत, ती सालाची. जुन्या चरित्रांत आणि घरच्या कुंडल्यांत शक असतो. सरसकट ७८ मिळवून मोकळं होण्याची खोड फार. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ बरोबर. पण १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी साल बदललेलं असतं आणि शक अजून तोच असतो. म्हणजे माघ आणि फाल्गुन नेहमी ७९. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष इकडेही पडतो नि तिकडेही, तेव्हा त्या वर्षाचं पंचांग काढून बघावं.

टिळकांचं सोपं आहे: शके १७७८, आषाढ वद्य षष्ठी. अधिक ७८, म्हणजे १८५६. तारीख २३ जुलै. शिवाजी महाराजांची जन्मतिथी मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथे ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि तक्ता चुकतो. ७९ मिळवले की १६३०. राज्य सरकारने स्वीकारलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख याच तिथीची. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही दुसरी तिथी धरली तर साल १६२७ होतं, म्हणजे तक्ताच दुसरा. १६३०च्या तक्त्यात महाराजांच्या शेजारी इंग्लंडचा दुसरा चार्ल्स बसतो, जन्म २९ मे. याच चार्ल्सने १६६८ साली मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, आणि त्या कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन १६७४ साली राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. कोकणासाठी यापेक्षा चांगली जोडी मिळणं कठीण.

या दोन्ही तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत, म्हणून शेजारी बसतात. एक जुनी आणि एक नव्या, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरची घेतली की घोटाळा होतो. 'गॅलिलिओ वारला त्याच साली न्यूटन जन्मला' हे वाक्य शाळेच्या भिंतींवर फार दिसतं. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, नव्या कॅलेंडरप्रमाणे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, जुन्या कॅलेंडरप्रमाणे. नव्याने तो ४ जानेवारी १६४३. रशियन माणसांच्या बाबतीत ही काळजी १९१८पर्यंत घ्यावी लागते. चित्रकार कांदिन्स्की जुन्या हिशेबाने ४ डिसेंबर १८६६चा, नव्याने १६ डिसेंबरचा. साल बदललं नाही, पण तारीख दोन ठिकाणी दोन दिसते.

१८६६ हे आपलं दुसरं श्रीमंत साल. गुहागरजवळच्या कोतळूकला गोपाळ कृष्ण गोखले, ९ मे. शास्त्री नदीच्या पलीकडे मालगुंडला केशवसुत. केशवसुतांच्या दोन जन्मतारखा चालतात, १५ मार्च आणि ७ ऑक्टोबर. इंग्रजी साल दोन्हींचं एकच, त्यामुळे तक्ता बिघडत नाही. पण १५ मार्चला त्या वर्षीचा पाडवा यायचा होता, म्हणजे शके १७८७. ७ ऑक्टोबरला १७८८. शिवाय पहिली तारीख धरली तर केशवसुत गोखल्यांपेक्षा थोरले, दुसरी धरली तर धाकटे. अशा वेळी एक तारीख निवडून दुसरी दडपू नये, दोन्ही छापाव्यात. याच सालात चीनचे सन यत्-सेन आणि इंग्रज लेखक एच. जी. वेल्स आहेत.

तारखांच्या बाबतीत आणखी एक जुना रोग: माणसाचा जन्म आणि त्याचं गाजलेलं काम यांची तारीख एकमेकांत मिसळणं. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८१२चे, चार्ल्स डिकन्सच्या सालचे. त्यांच्या नावापुढे ६ जानेवारी दिसली की थबकायचं. 'दर्पण'चा पहिला अंक निघाला तो दिवस ६ जानेवारी १८३२. पत्रकार दिन त्याचाच.

गावाचा रकाना एक नको, दोन हवेत: जन्मगाव आणि मूळ गाव. आपल्याकडे 'आमच्या गावचे' म्हणजे 'आमच्या गावात जन्मलेले' असं बेधडक लिहिलं जातं. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, जन्म महूचा. टिळकांचं मूळ गाव दापोलीकडचं चिखलगाव, जन्म रत्नागिरीतला. कर्व्यांचं घर मुरुडचं, जन्म शेरवलीचा. १९२९च्या तक्त्यात मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मलेले. त्यांची गीतं गायलेल्या लता मंगेशकर त्याच सालच्या, मूळ मंगेशीच्या, पण जन्म इंदूरचा.

खेळाडूंचं काम त्या मानाने हलकं. १९४९ घ्या: क्रिकेटपटू गुंडप्पा विश्वनाथ १२ फेब्रुवारी, गावसकर १० जुलै, आणि दोघे मेहुणे-मेहुणे. गावपातळीवरच्या जुन्या कबड्डीपटूंची आणि भजनी बुवांची नावं घालायची असतील तर मात्र शाळेच्या दाखल्यावरच्या १ जूनवर विश्वास ठेवू नये. नाव घालताना मास्तरांनी सोयीसाठी टाकलेली ती तारीख असते आणि कधी कधी सालही अंदाजाचं असतं. कुंडली, जन्ममृत्यू नोंद, नाहीतर भावंडांच्या वयाचा मेळ, यातलं काहीतरी हाती लागेपर्यंत नाव पेन्सिलीनेच असू द्यावं.

छपाई इंकजेटवर करू नये, पावसाळ्यात शाई फुटते. लेझर प्रिंट काढून लॅमिनेट करावं आणि कडेला निदान ५ मिलिमीटर प्लास्टिक सुटं ठेवावं. कागदाच्या कडेला लागून कापलं तर जुलैत ओल आत शिरते आणि ऑगस्टात बुरशीचे ठिपके दिसतात. तक्ता थेट भिंतीला चिकटवू नये. मागे इंचभर लाकडी पट्टी देऊन हवा खेळती ठेवावी. खिळे लोखंडी नकोत. खाऱ्या हवेत ते गंजतात आणि तांबडे ओघळ बरोबर पहिल्या नावावर येतात. पितळी स्क्रू वापरावेत.